पबमधला चहा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात दोन-अडीच महिने लेकीकडे होते, इंग्लंडमध्ये. ती लीड्सला राहते, म्हणजे यॉर्कशरमध्ये. परत आल्यावर भेटेल तो विचारतो, "लंडन पाहिलं का?" नाही पाहिलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे सांगतील तेवढंच पाहायचं, असं मी ठरवलं होतं. पण यॉर्कशर मात्र मनसोक्त पाहिलं. चहाची दुकानं पाहिली, आगगाड्या पाहिल्या आणि हो, पबही पाहिले. शेवटचं वाक्य वाचून आमच्या नात्यातल्या काही भुवया वर जातील. जाऊ द्यात. त्याबद्दलच सांगायचं आहे.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी. २०१४ साली हे होते तेव्हा आम्ही दोघं पहिल्यांदा लेकीकडे गेलो होतो. जावयांचा वाढदिवस होता आणि सगळ्यांनी मिळून जेवायला एका पबमध्ये जायचं ठरलं होतं. दारापर्यंत मी गेले. दार उघडलं, आतला तो आंबूस वास आला आणि माझे पाय पुढे जाईनात. "डोकं दुखतंय, मी गाडीत बसते" म्हणाले आणि सव्वा तास गाडीत बसून राहिले. लेक मधे येऊन सँडविच देऊन गेली. बोलली काहीच नाही. त्यानंतर अकरा वर्षांत आम्ही मायलेकींनी तो विषय काढला नव्हता. पण तो गेलाही नव्हता. फोनवर "रविवारी कुठे गेला होतात?" असं विचारलं की ती जरा थांबून "असंच, बाहेर" म्हणायची. ते थांबणं मला ऐकू यायचं.

म्हणून यंदा तिनं मला पहिल्यांदा नेलं ते चहाला. हॅरोगेट नावाचं टुमदार गाव आहे, तिथलं बेट्टीज. १९१९ साली फ्रेडरिक बेलमाँट नावाच्या एका स्विस माणसानं हे चहाघर काढलं. गंमत म्हणजे ही बेट्टी कोण, ते आजतागायत कोणाला ठाऊक नाही! बाहेर ही रांग. आपल्याकडे देवळात असते तशी, फक्त ढकलाढकली नाही. आत पांढरी टेबलं, किटली वेगळी, दूध वेगळं, गाळणी ठेवायला छोटीशी वाटी. चहाची पत्ती गरम पाण्यात पडून राहते आणि आपण वाट बघायची. उकळणं नाही, आलं नाही, गवती चहा नाही. पहिल्या घोटाला मला तो आजाऱ्याचा चहा वाटला. पण बरोबर एक गोल, खरबरीत, लोणी लावून खायचा गोड पाव मिळतो. त्यावर बदाम आणि चेरी लावून चेहरा केलेला असतो आणि त्याचं नाव 'फॅट रास्कल', म्हणजे लठ्ठ लबाड. नातवानं त्याचे डोळे आधी काढून खाल्ले. बिलाचे रुपये करून बघायचे नाहीत, अशी लेकीची सक्त ताकीद होती. मी मनातल्या मनात केलेच.

पुढच्या शनिवारी यॉर्कला गेलो. तिथलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय म्हणजे नातवाची काशी. तिथे 'मॅलर्ड' नावाचं निळं इंजिन आहे. ३ जुलै १९३८ रोजी ते ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेगानं धावलं. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. नातवाला हे पाठ होतं, मी फक्त विद्यार्थिनी. मग यॉर्विक केंद्रात गेलो. १९७० च्या दशकात तिथे उत्खनन झालं, जमिनीखाली व्हायकिंग लोकांची वस्ती सापडली आणि १९८४ मध्ये त्याच जागेवर हे केंद्र उघडलं. छोट्या डब्यात बसवून त्या जुन्या गावातून फिरवतात आणि त्या काळचे वाससुद्धा सोडतात. शौचखड्ड्याचाही! नातू नाक दाबून हसत होता. मला वाटलं, या लोकांना हजार वर्षांपूर्वीची घाण उकरून काढून, तिकीट लावून दाखवायला लाज वाटत नाही. हे मी तेव्हा कौतुकानं म्हटलं की नापसंतीनं, ते मलाही सांगता येणार नाही.

यॉर्कमध्येही बेट्टीजचं चहाघर आहे. त्याच्या तळघरात एक आरसा लावलेला आहे आणि त्यावर शेकडो नावं कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात यॉर्कच्या आसपास विमानतळ होते आणि तिथली वैमानिक पोरं, त्यात कितीतरी कॅनडाहून आलेली, या तळघरात जमायची. तेव्हा तिथे बार होता. हिऱ्याच्या टोकानं त्यांनी आरशावर आपापली नावं कोरली. त्यातले किती परत आले, कोण जाणे. वर चहा आणि खाली दारू, एकाच घरात. मी ती नावं वाचत बराच वेळ उभी राहिले. वीस-बावीस वर्षांची पोरं, उद्याची खात्री नाही, मग आज प्यायली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग कसा तो आला नाही. हे मला नवीन होतं.

मग आम्ही सॉल्टेअरला गेलो. हे मात्र मला फार जवळचं वाटलं, कारण मी इचलकरंजीची. मागाच्या खडखडाटात माझं बालपण गेलं. टायटस सॉल्ट नावाच्या गिरणीमालकानं अल्पाकाच्या लोकरीचं कापड विणून पैसा केला आणि एअर नदीच्या काठी १८५३ मध्ये ही प्रचंड गिरणी उभी केली. सॉल्टचं आणि एअरकाठचं, म्हणून सॉल्टेअर. कामगारांसाठी दगडी घरं, शाळा, दवाखाना, चर्च, वाचनालय, बाग, म्हाताऱ्यांसाठी घरं, सगळं बांधलं. रस्त्यांना बायको-मुलांची नावं दिली. फक्त एक गोष्ट गावात होऊ दिली नाही, ती म्हणजे पब. गिरणी १९८६ मध्ये बंद पडली, आता तिथे चित्रं आणि पुस्तकं आहेत. २००१ पासून सगळं गावच जागतिक वारसा आहे. पुढे त्या गावात एक बार निघालाच आणि त्यानं नाव ठेवलं 'डोन्ट टेल टायटस', म्हणजे टायटसला सांगू नका! जावई हसले, मीही हसले. पण आमच्या आईला हे गाव दाखवायला हवं होतं, असं मनात आलं आणि हसू विरलं. मालकानंच दारूचं दुकान होऊ दिलं नाही, हे ऐकून तिनं त्या टायटसच्या पुतळ्याला हळदकुंकू वाहिलं असतं.

आता हॉवर्थ.

कीथली नावाच्या गावाहून ऑक्सनहोपपर्यंत वाफेच्या इंजिनाची छोटी आगगाडी जाते, जेमतेम पाच मैल. १८६७ साली सुरू झालेली ही लाइन १९६० च्या दशकात बंद पडली. गावकऱ्यांनी आणि हौशी लोकांनी पैसे आणि कष्ट घालून १९६८ मध्ये ती पुन्हा चालू केली. आजही बरीचशी कामं स्वयंसेवकच करतात. माझ्या वयाचे, पांढऱ्या मिशांचे आजोबा गणवेश घालून तिकिटं तपासत होते, चेहऱ्यावर शाळकरी पोराचा आनंद. वाटेतल्या ओकवर्थ स्टेशनवर १९७० साली 'द रेल्वे चिल्ड्रन' या चित्रपटाचं चित्रण झालं होतं. नातवानं आदल्या रात्री मला तो दाखवला होता. वडिलांना खोट्या आरोपावरून तुरुंगात नेलेलं असतं आणि मुलं आईबरोबर रेल्वेलाइनजवळ राहायला येतात. शेवटी फलाटावरची वाफ विरते आणि त्यातून वडील उभे दिसतात. मुलगी धावत जाते. लेक डोळे पुसत होती. मी म्हटलं, "छान आहे" आणि दूध गरम करायला उठले. घरी परत येणाऱ्या वडिलांची गोष्ट मला नेहमीच जड जाते.

हॉवर्थ हे ब्राँटी बहिणींचं गाव. स्टेशनवरून दगडी चढ चढत वर जायचं, दर पन्नास पावलांवर मी थांबायचे. वर चर्च, मागे कबरींची गर्दी आणि त्याच्या मागे त्यांचं घर. १८५० साली बॅबेज नावाच्या सरकारी निरीक्षकानं या गावाची पाहणी केली, तेव्हा मरताना माणसाचं सरासरी वय पंचवीस-सव्वीस निघालं होतं. पाणी वाईट आणि गटारं नाहीत. या घरातली आई १८२१ मध्ये गेली. दोन मोठ्या मुली १८२५ मध्ये लहानपणीच गेल्या. उरलेल्या तिघींनी, शार्लट, एमिली आणि ॲन यांनी १८४७ मध्ये पुरुषी टोपणनावांनी कादंबऱ्या छापल्या. त्यातली शार्लटची 'जेन एअर' तरी बहुतेकांनी ऐकलेली असते.

त्यांना एक भाऊ होता, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. ब्रॅनवेल. घरातला सगळ्यात हुशार म्हणून त्याच्यावर सगळ्यांची भिस्त. चित्रं काढायचा, कविता करायचा. रेल्वेत कारकून झाला, तिथे हिशोबात तूट निघाली म्हणून १८४२ मध्ये नोकरी गेली. मग दारू आणि अफू. सप्टेंबर १८४८ मध्ये तो गेला, वय एकतीस. त्याच डिसेंबरात एमिली गेली, पुढच्या मे महिन्यात ॲन. शार्लट १८५५ मध्ये. म्हातारा बाप सहाही मुलांच्या मागे राहिला. ब्रॅनवेलनं तिघी बहिणींचं एक चित्र काढलं होतं, मूळ चित्र लंडनला असतं. त्यात मधोमध एक खांब आहे. तिथे आधी त्यानं स्वतःला काढलं होतं आणि मग रंग फासून पुसून टाकलं. रंग जुना झाला तसा आतला माणूस पुन्हा अंधुक दिसायला लागला आहे. संग्रहालयाच्या दुकानात त्याचं पोस्टकार्ड मिळालं, ते मी घेतलं.

चर्चच्या पायऱ्या उतरलं की समोरच 'ब्लॅक बुल' हा पब. ब्रॅनवेल इथेच बसायचा. भूक लागली होती, पाऊस सुरू झाला होता. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आई, पलीकडे टी-रूम आहे. तिकडे जाऊ या." तिनं ज्या घाईनं ते म्हटलं, त्यानं मला कससंच झालं. किती वर्षं ही पोर मला सांभाळून घेते आहे! मी म्हटलं, "इथेच जाऊ. पावसात कुठे हिंडायचं?"

तर मंडळी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी पबमध्ये गेले. वास होताच. पण एका कोपऱ्यात एक आजी सूप पीत होत्या, एक बाळ उंच खुर्चीत बसून बटाट्याचा काप चोखत होतं आणि टेबलाखाली एक कुत्रा ढाराढूर झोपला होता. पब म्हणजे 'पब्लिक हाउस', सगळ्यांचं घर, असं जावयांनी सांगितलं. इथे काउंटरवर आपणच जाऊन सांगायचं आणि पैसे तिथेच द्यायचे. बाहेर पाटीवर बैल वगैरे काढलेले असतात, ते पूर्वी लोकांना वाचता येत नसे म्हणून. जावयांनी अर्धा ग्लास बिअर घेतली. मला विचारलं, "आई, तुम्हाला काय आणू?" मी म्हटलं, "इथे चहा मिळतो?" मिळतो! चांगला किटलीभर आला.

नातू पोस्टकार्ड बघत होता. दहा वर्षांचा आहे. एकदम म्हणाला, "आजी, ब्रॅनवेलला खूप चढली की त्याला इथून घरी कोण न्यायचं?"

मी म्हटलं, "ते मला नाही ठाऊक रे. पण आमच्या आण्णांना मी न्यायचे."

लेकीनं काटा खाली ठेवला.

तिला मी आयुष्यभर सांगितलं होतं की तुझे आजोबा काविळीनं गेले. खोटं नव्हतं ते. १९६८ साली ते गेले तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. पण कावीळ कशानं झाली, ते मी सांगितलं नव्हतं. आण्णा मागावर जॉबर होते. १९४९ च्या कायद्यानं तेव्हा दारूबंदी होती, म्हणजे दारू मिळायची ती चोरून, ओढ्यापलीकडच्या हातभट्टीवर. पगाराच्या दिवशी संध्याकाळी आई म्हणायची, "जा, आण्णाला घिऊन ये." आई स्वतः जायची नाही, तिनं गेलं की मार पडायचा. माझ्यावर आण्णांनी कधी हात उचलला नाही. दहा वर्षांची मी, कंदील घेऊन जायचे. बायका दारातून बघायच्या आणि मी खाली मान घालून पावलं मोजायचे. मला बघून ते म्हणायचे, "आलीस व्हय गं? चल." आणि खिशात उरलेले पैसे माझ्या हातात द्यायचे. ओढा ओलांडताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. तो हात जड असायचा.

हे सगळं मी मराठीत, हळू आवाजात सांगितलं. आजूबाजूला कोणाला कळलं नाही. नातवाला अर्धंमुर्धं कळलं असेल. त्यानं विचारलं, "तुला भीती नाही वाटायची?" मी म्हटलं, "वाटायची."

परतीच्या गाडीत लेक माझ्याशेजारी बसली. खूप वेळानं म्हणाली, "आई, तू एकटी जायचीस?" मग म्हणाली, "मला वाटायचं, तुला आमचीच लाज वाटते. आम्ही इथे येऊन बिघडलो, असं वाटतं तुला." अकरा वर्षं ती हे घेऊन बसली होती. आणि मी समजत होते, मी फक्त गाडीत बसले होते.

त्या रात्री तिनं आण्णांबद्दल आणखी विचारलं. दिसायला कसे होते, काय आवडायचं. आणि माझ्या लक्षात आलं की मी तिला काहीच सांगितलेलं नाही. दहा माग एकदम चालू असताना नुसत्या आवाजावरून कुठला बिघडलाय ते त्यांना कळायचं, हे नाही सांगितलं. सातवीनंतर आईनं मला कांड्या भरायला बसवायचं ठरवलं, तेव्हा "तिची शाळा सोडायची न्हाई" म्हणून ते अडून बसले, हेही नाही सांगितलं. त्या एका वाक्यावर माझं बी.ए. झालं, नोकरी झाली, लेक इंग्लंडला गेली. त्यांचं पिणं लपवता लपवता मी आख्खे आण्णाच लपवले होते. ब्रॅनवेलनं निदान स्वतःच स्वतःला पुसलं. आण्णांना मी पुसलं.

हॉवर्थच्या दुकानातून लेकीनं मला एक पुस्तक घेऊन दिलं होतं, धाकट्या ॲननं लिहिलेलं, 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल'. १८४८ सालचं. दारुड्या नवऱ्याच्या घरातून मुलाला घेऊन निघून जाणाऱ्या बाईची कादंबरी आहे. घरात भावाचं काय चाललं होतं ते बघत बघत तिनं ती लिहिली. ती गेल्यावर मोठ्या बहिणीला, शार्लटला, ते पुस्तक पुन्हा छापू नये असं वाटलं, हा विषयच निवडायला नको होता असं वाटलं. मी शब्दकोश घेऊन रोज चार-पाच पानं वाचते आहे. शार्लट मला नीट समजते. मी आयुष्यभर शार्लटच होते. घरातली मोठी बहीण तशीच असते.

हे इथे लिहावं की नाही, यावर महिनाभर विचार केला. इचलकरंजीला धाकट्या भावाला फोन केला. तो पंचाहत्तरीकडे नाही, पण सत्तरीकडे आला आहे. जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "लिही आक्का. पण एक लिही, आण्णा मला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचे, तेही लिही." लिहिलं बरं का रे.

दारूबद्दलचं माझं मत बदललं आहे, असं समजू नका. आंबूस वास आला की आजही पोटात गोळा येतो आणि ज्या घरात ती शिरली त्या घराचं काय होतं, ते मला कोणी शिकवायला नको. पण त्यानंतरचे तीन रविवार मी त्यांच्याबरोबर पबमध्ये गेले. टेबलाखाली कुत्रा, समोर नातू आणि माझी किटली. जावई काउंटरवर जाताना आता विचारतही नाहीत, "आईंचा चहा" असं परस्पर सांगून येतात.

चहा मात्र पानचटच असतो. पुढच्या वेळी पर्समध्ये आल्याचा तुकडा घेऊन जाईन म्हणते.

असो.